रोटर ओव्हरकरंटचा ट्रिप पुन्हा पुन्हा येतोय? जनरेटर खाली उतरवण्याआधी हे तपासा

एकाच सिरीयल नंबरचा पवनचक्कीचा जनरेटर दीड वर्षात तीनदा आमच्या नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या वर्कशॉपमध्ये उतरला. तिन्ही वेळा जॉब कार्डावर तक्रार तीच: मध्यम वाऱ्यात रोटर ओव्हरकरंट (फिरत्या भागात मर्यादेपेक्षा जास्त करंट), मशीन ट्रिप (आपोआप बंद), रीसेट केलं की चालतं, दोन दिवसांनी पुन्हा ट्रिप. पहिल्या वेळी आम्ही स्लिप रिंग (शाफ्टवरच्या धातूच्या कड्या, ज्यांवर कार्बनचे ब्रश टेकतात) लेथवर घेऊन साफ केल्या आणि ब्रशचा नवा सेट टाकला. दुसऱ्या वेळी रिंगांमधलं इन्सुलेशन जळलेलं दिसलं म्हणून रोटर रीवाइंड केला, म्हणजे तारा नव्याने गुंडाळल्या. दोन्ही वेळा टेस्ट बेंचवर मशीन निर्दोष चाललं आणि दोन्ही वेळा डोंगरावर चढल्यावर काही महिन्यांत जुनं दुखणं परत सुरू झालं.

तिसऱ्या वेळी ट्रेलर रात्री ठाणे-बेलापूर रोडवरून आत आला तेव्हा आमचे वाइंडिंगवाले काका म्हणाले, "साहेब, ह्याला उघडायच्या आधी ह्याच्या घरी काय चाललंय ते विचारा." त्या एका वाक्यामुळे हे सगळं लिहितोय. आम्ही दोन वेळा मोडलेली वस्तू दुरुस्त केली होती. ती का मोडते, हे विचारलंच नव्हतं.

पवनचक्कीच्या जनरेटरच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते. सहा-सात टनांचा जनरेटर नेसेलमधून (टॉवरच्या माथ्यावरच्या खोलीतून) खाली घ्यायला मोठी क्रेन लागते, आणि पठारावर जोराचा वारा असताना क्रेनचा बूम वर करता येत नाही. महाराष्ट्रात वाऱ्याचा हंगाम म्हणजे साधारण जून ते सप्टेंबर. वर्षातली बरीचशी वीज ह्याच महिन्यांत मिळते. जूनच्या शेवटी मशीन बंद पडलं तर क्रेनची वाट पाहण्यातच हंगाम निघून जातो. म्हणून खाली उतरवण्याचा निर्णय शेवटचा असावा, पहिला नव्हे.

कुठल्या मशीनबद्दल बोलतोय

दुहेरी-पोषित इंडक्शन जनरेटर, म्हणजे ज्याला सगळे डीएफआयजी म्हणतात, तो. स्टेटर, म्हणजे स्थिर भाग, थेट ग्रिडला, बहुतेक मशीनमध्ये ६९० व्होल्टवर. रोटर मात्र स्लिप रिंग आणि कार्बन ब्रशमधून कन्व्हर्टरला (करंटची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या यंत्रणेला) जोडलेला. चार पोलचं मशीन असेल तर ५० हर्ट्झला सिंक्रोनस वेग १५०० आरपीएम, आणि मशीन त्याच्या खाली-वर साधारण ३० टक्क्यांच्या पट्ट्यात फिरू शकतं. कन्व्हर्टरला पूर्ण वीज हाताळावी लागत नाही, पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या क्षमतेचा पुरतो. हा प्रकार लोकप्रिय झाला तो ह्याच कारणामुळे. रोटरमधल्या करंटची फ्रिक्वेन्सी स्लिपवर, म्हणजे सिंक्रोनस वेगापासून रोटर किती टक्के दूर आहे त्यावर, ठरते. १०५० आरपीएमला स्लिप ०.३, म्हणजे रोटरमध्ये १५ हर्ट्झ. १३५० ला ५ हर्ट्झ. १५०० ला शून्य. हा शून्याचा मुद्दा पुढे फार कामाला येणार आहे, तो लक्षात असू द्या.

पहिला प्रश्न: ट्रिप कुठल्या आरपीएमला येतोय?

साइटवरून फोन येतो तेव्हा सांगतात वाऱ्याचा वेग आणि किलोवॅट. आरपीएम कोणी सांगत नाही. मी आता पहिला प्रश्न आरपीएमचाच विचारतो. मागच्या वीस-पंचवीस ट्रिपचे आरपीएम एका कागदावर मांडा. आकडे कसेही विखुरलेले असतील तर एक गोष्ट, १५०० च्या आसपास गोळा झाले असतील तर वेगळी, आणि ट्रिप वाऱ्याच्या झोताबरोबरच येत असतील तर तिसरी.

त्याआधी एक चाळणी. शेजारच्या मशीनचे लॉग त्याच सेकंदाचे पाहा. त्याच फीडरवरची (एकाच वीजवाहिनीवरची) चार-सहा मशीन एकदम ट्रिप झाली असतील तर दोष लाइनचा आहे. ग्रिडचं व्होल्टेज अचानक खाली गेलं की स्टेटरच्या फ्लक्सला (चुंबकीय क्षेत्राला) तितक्या झटपट बदलता येत नाही, त्यामुळे रोटरमध्ये मोठं व्होल्टेज उमटतं आणि करंट उसळतो. क्रोबार, म्हणजे अशा वेळी रोटरचं सर्किट शॉर्ट करून कन्व्हर्टरला वाचवणारी सोय, त्यासाठीच असतो. असे ट्रिप यादीतून काढून टाका, नाहीतर ते सगळं चित्र गढूळ करतात. आमच्या मशीनच्या यादीत असे पाच होते. ते वगळल्यावर उरलेले जवळजवळ सगळे १४७० ते १५३० च्या मध्ये आले.

१५०० ला काय होतं? रोटरचा करंट जवळजवळ डीसी होतो. १४८५ आरपीएमला स्लिप एक टक्का, फ्रिक्वेन्सी अर्धा हर्ट्झ, म्हणजे एका आवर्तनाला दोन सेकंद. एरवी कन्व्हर्टरमधले सहा आयजीबीटी (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) आळीपाळीने करंट वाहतात आणि आळीपाळीने थंड होतात. इथे एकाच आयजीबीटीवर शिखर करंट बराच वेळ टिकून राहतो. चिपचं तापमान वर जातं, मग खाली, मग पुन्हा वर. हे चटके रोज शेकडो वेळा बसले की आतले बाँड वायर आणि सोल्डर थकतात. म्हणून चांगले कन्व्हर्टर ह्या पट्ट्यात करंटची मर्यादा आपणहून कमी करतात किंवा मशीनला तिथे रेंगाळू देत नाहीत. म्हणजे १५०० च्या आसपास मोकळी जागा आधीच कमी. तिथे कुठल्याही कारणाने करंट थोडा जास्त गेला, की ट्रिप.

आता तो जास्त करंट कुठून येतो, हे शोधायचं.

हलणारी लाट बघून अर्धं निदान होतं

पॉवरचा जलद लॉग मिळत असेल, निदान सेकंदाला पन्नास-शंभर नोंदींचा, तर आलेखात थरथर आहे का ते पाहा. थरथर असेल तर तिची फ्रिक्वेन्सी वेगाबरोबर बदलते का, एवढंच तपासा.

रोटरच्या तीन फेजपैकी एकाचा ब्रश-संपर्क खराब असेल तर रोटर असंतुलित होतो, आणि टॉर्कमध्ये (फिरवणाऱ्या जोरात) स्लिप फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट थरथर येते. १३५० आरपीएमला ती १० हर्ट्झ असेल, १४२५ ला ५ हर्ट्झ. वेग १५०० कडे गेला की मंद होत जाते. उलट ग्रिडचं व्होल्टेज किंवा स्टेटर असंतुलित असेल तर थरथर १०० हर्ट्झला, ती मशीनच्या वेगाबरोबर हलत नाही, आणि इतकी वेगवान की ती पकडायला कन्व्हर्टरचाच लॉग किंवा स्कोप लागतो. ही एक तपासणी जमिनीवर बसून, काही न उघडता होते. माझ्या मते ह्या कामातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी हीच.

आमच्या मशीनची थरथर वेगाबरोबर सरकत होती. म्हणजे रोटरची बाजू. पण रोटर तर आम्ही नुकताच नवा केला होता, मेगर (इन्सुलेशनच्या रेझिस्टन्सची चाचणी) उत्तम, रिंगांमधला रेझिस्टन्स तिन्ही जोड्यांत सारखा. उरले ब्रश.

ब्रश, आणि रबाळ्याची हवा

ब्रश म्हटलं की बहुतेक जण लांबी मोजतात आणि पुढे जातात. लांबी मोजलीच पाहिजे, पण ब्रश का झिजतो हे लांबी सांगत नाही.

कार्बन ब्रश धातूच्या रिंगवर थेट घासून चालत नाही. मध्ये एक पातळ थर बसतो, धातूचा ऑक्साइड, ग्रॅफाइट आणि पाणी मिळून झालेला. आम्ही त्याला पटिना म्हणतो. रिंग तपकिरी, एकसारखी, किंचित चमकदार दिसली तर थर चांगला आहे. हा थर बसायला हवेत ओलावा लागतो. ब्रश बनवणारे साधारण ८ ते १५ ग्रॅम प्रति घनमीटर एवढी हवेतली वाफ योग्य मानतात. टक्क्यांतली आर्द्रता इथे फसवते, ग्रॅममध्येच मोजायला हवं.

आता हिशेब करून पाहा. जुलैत रबाळ्याला २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर हवेत साधारण २३ ग्रॅम वाफ असते. खाडी जवळ, चार महिने पाऊस, वर्षभर दमट. आमच्या टेस्ट बेंचवर पटिनाला ओलाव्याची ददात कधीच नसते. तोच जनरेटर जानेवारीत सातारा-सांगलीकडच्या पठारावर असतो तेव्हा १५ अंश आणि ४० टक्के आर्द्रता धरली तर हवेत वाफ उरते फक्त ५ ग्रॅम. थर बसत नाही. ब्रश कोरडा घासतो आणि त्याची पूड होते.

त्यात भर म्हणजे हिवाळ्यात वारा कमी. ब्रशमधून करंटही कमी वाहतो. लोकांना वाटतं की कमी करंट म्हणजे ब्रशला आराम. प्रत्यक्षात थर टिकायला ठराविक करंटही लागतो. महिनोन्महिने हलक्या लोडवर चाललेल्या रिंगवर बारीक आटे पाडल्यासारख्या रेषा दिसतात. मग काही मेकॅनिक स्प्रिंग घट्ट करतात, आणि पूड आणखी वाढते. स्प्रिंगचा दाब काट्याने मोजा, ब्रशच्या माहितीपत्रकातल्या आकड्याशी ताडून पाहा. अंदाजाने हात लावू नका. आणि एका फेजचे सगळे ब्रश सारख्याच दाबाचे हवेत. एक ब्रश अडकला तर त्याचा करंट शेजाऱ्यांवर जातो, ते तापतात, पिगटेल (ब्रशला जोडलेली तांब्याची वेणी) काळी पडते. पिगटेलचा रंग बघायला मीटर लागत नाही.

कार्बनची पूड वीज वाहते, हे सांगायला नको. ती रिंगांच्या मधल्या इन्सुलेशनवर बसते, जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर तिच्यावर ओल धरते, आणि रिंग ते रिंग वाट तयार होते. दुसऱ्या वेळी आम्ही जे जळलेलं इन्सुलेशन बघून रोटर रीवाइंड केला, ते असं तयार झालं होतं. दोष जूनमध्ये दिसला, पण पेरला गेला जानेवारीत. रीवाइंडिंगची गरज नव्हती असं मी म्हणत नाही, ते इन्सुलेशन गेलेलंच होतं. पण पूड थांबली नाही तर नवं इन्सुलेशनही त्याच वाटेने जाणार.

इथे काय बदलायचं: ब्रशची ग्रेड हिवाळ्यातला सरासरी करंट धरून निवडायची, नेमप्लेटवरचा नव्हे. कोरड्या हवेत चालणाऱ्या ग्रेड वेगळ्या मिळतात. एकाच रिंगवर दोन ग्रेड कधीही मिसळू नयेत, साइटवर स्टॉक संपला की हे सर्रास होतं. पूड खेचणारा फिल्टर दर सहा महिन्यांनी नव्हे तर भरला की बदलायचा. आणि मोठी सफाई मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी. सफाईला कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तिने पूड वाइंडिंगच्या आत जाते. व्हॅक्यूमने ओढा आणि तोंडाला चांगला मास्क लावा.

टॉर्कचा गुणक, जो कोणी बघत नाही

ब्रशमुळे थरथर समजली. पण ट्रिप १५०० लाच का गोळा होतात आणि पहिल्या उन्हाळ्याआधी ते अजिबात का नव्हते, हे त्याने सुटत नव्हतं. साइट इंजिनिअर मॅडमना मी विचारलं, पहिल्या तक्रारीच्या आधी मशीनवर काय काय झालं होतं? त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. वीज पडून कंट्रोलरचं कार्ड गेलं होतं आणि नवं बसवलं होतं. "पॅरामीटर कुठले टाकले?" "सर, कार्डमध्ये आलेलेच असतील." इथे माझे कान टवकारले.

मध्यम वाऱ्यात कंट्रोलर जनरेटरला किती टॉर्क मागतो? बहुतेक मशीनमध्ये नियम साधा असतो: टॉर्क म्हणजे एक गुणक गुणिले वेगाचा वर्ग. वाऱ्याचा वेग मोजायचीही गरज पडत नाही. गुणक बरोबर असेल तर पाती आपणहून सगळ्यात फायद्याच्या वेगाला स्थिरावतात. पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या साधारण सात-आठ पट असताना तीन पात्यांचं चक्र सर्वाधिक ऊर्जा खेचतं. अल्बर्ट बेट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलेली ५९.३ टक्क्यांची मर्यादा कुणालाच ओलांडता येत नाही, पण तिच्या जितकं जवळ जाता येईल तितकं ह्या गुणकामुळेच जाता येतं.

ह्या गुणकात हवेची घनता असते. कार्डमध्ये आलेलं मूळ सेटिंग प्रमाण घनतेचं होतं, १.२२५ किलो प्रति घनमीटर. ही घनता समुद्रसपाटीची आणि १५ अंश तापमानाची. आमचं मशीन समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर आहे. पावसाळ्यात २२-२३ अंशांना तिथली घनता येते साधारण १.०४. म्हणजे गुणक जवळजवळ १८ टक्के जास्त.

परिणाम काय होतो ते नीट बघा, कारण हा भाग उत्पादनाच्या आकड्यांत सहज दिसत नाही. जास्त टॉर्क मागितल्यामुळे चक्र हवं त्यापेक्षा हळू फिरतं. १.१८ चं घनमूळ १.०५६, म्हणजे वेग साधारण साडेपाच टक्के कमी. पात्यांची कार्यक्षमता शिखराजवळ सपाट असते, त्यामुळे वीज फारशी घटत नाही, महिन्याच्या अहवालात तो फरक वाऱ्याच्या चढउतारात लपतो. पण तीच वीज कमी वेगाने काढायची म्हणजे टॉर्क जास्त, टॉर्क जास्त म्हणजे तो देणारा करंट जास्त. करंटचा तो भाग साडेपाच टक्क्यांनी वाढला की त्याच्यामुळे तांब्यात होणारा तोटा ११ टक्क्यांच्या आसपास वाढतो. जनरेटर उगाच गरम.

आणि १५०० आरपीएमला? तिथे टॉर्क ठरवणारा एकमेव आकडा हा गुणक. वेग तोच, गुणक १८ टक्के जास्त, म्हणजे टॉर्क १८ टक्के जास्त. नेमक्या त्या ठिकाणी, जिथे आयजीबीटीला उसंत नसते आणि करंटची मर्यादा आधीच कमी केलेली असते. हा १८ टक्क्यांचा बोजा एकटा ट्रिप करत नव्हता, म्हणून थंड, शांत दिवशी सगळं सुरळीत. त्यावर ब्रशच्या असंतुलनाची थरथर आणि वाऱ्याचा एखादा झोत आला की मर्यादा ओलांडली जायची. एकेक कारण स्वतंत्र बघितलं तर प्रत्येक निर्दोष सुटतं. आम्ही दोन वेळा फसलो ते इथेच.

हे तपासायला काय लागतं? दहा मिनिटांच्या सरासरीचे वेग आणि पॉवरचे आकडे, जे सगळ्या मशीनमध्ये साठवलेले असतात. पॉवर भागिले वेगाचा घन करा, फक्त मधल्या पट्ट्यातले बिंदू घ्या, ज्यात पिच (पात्यांचा कोन) हललेली नाही. हा आकडा जवळजवळ स्थिर यायला हवा. मग त्याच उंचीवरच्या, त्याच मॉडेलच्या शेजारच्या मशीनशी ताडा. आमच्या मशीनचा आकडा शेजाऱ्यांपेक्षा सरळ सरळ वर होता. ऐरोलीहून ठाण्याला जाताना ट्रेनमध्ये लॅपटॉपवर हा आलेख काढला आणि घरी पोहोचेपर्यंत धीर न धरवून मॅडमना फोन केला.

गुणक बदलताना मात्र निर्मात्याने त्या साइटसाठी दिलेलीच पॅरामीटर फाइल मागवा. स्वतः आकडा टाकून बघण्याचा मोह टाळा. वेग बदलला की टॉवरच्या नैसर्गिक कंपनाच्या पट्ट्यात मशीन जाऊ शकतं, आणि तो पट्टा टाळायची सोय त्याच फाइलमध्ये असते.

एन्कोडर: आमच्या मशीनमध्ये निर्दोष, पण तुमच्यात असेलच असं नाही

ह्याच लक्षणाचं आणखी एक मोठं कारण एन्कोडर, म्हणजे शाफ्टचा कोन मोजणारा सेन्सर. कन्व्हर्टरला रोटर कुठल्या कोनात आहे हे सतत कळावं लागतं, तरच टॉर्क देणारा करंट आणि चुंबकत्व देणारा करंट तो वेगळे ठेवू शकतो. चार पोलच्या मशीनमध्ये शाफ्टचा एक अंश म्हणजे विजेचे दोन अंश. एन्कोडरचं कपलिंग चार अंश घसरलं तर आठ अंशांची चूक, आणि टॉर्कसाठी मागितलेल्या करंटपैकी १४ टक्के भलत्याच बाजूला जातो.

अनेक कन्व्हर्टर स्टेटरचा कॉन्टॅक्टर (ग्रिडला जोडणारा मोठा स्विच) लावण्याआधी कोन जुळवून घेतात आणि किती अंश जुळवावे लागले ते नोंदवतात. हा आकडा दर वेळी जवळजवळ तोच हवा. हळूहळू एका दिशेने सरकत असेल तर कपलिंगचा स्क्रू ढिला. मनाला येईल तसा उड्या मारत असेल तर पल्स हरवताहेत, म्हणजे केबलचं शील्ड, कनेक्टरमधलं तेल किंवा पॉवर केबलला चिकटून नेलेली एन्कोडरची केबल. गेल्या वर्षी दुसऱ्या एका मशीनला नेमकं हेच झालं होतं. बारा मिलिमीटरचं कपलिंग बदललं आणि जनरेटर वरच राहिला.

बेअरिंग आणि मेगर, थोडक्यात

बेअरिंगच्या रेसवर धुण्याच्या फळीसारखे आडवे पट्टे दिसले तर तो विजेचा मार आहे, वंगणाचा नव्हे. कन्व्हर्टरच्या स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज चढतं आणि बेअरिंगमधून उतरतं. नुसतं नवं बेअरिंग टाकून उपयोग नाही. शाफ्टचा अर्थिंग ब्रश खरंच टेकतोय का, इन्सुलेटेड बेअरिंग योग्य टोकाला आहे का, दोन्ही बघा. त्या छोट्या अर्थिंग ब्रशकडे मुख्य ब्रश बदलताना कुणाचं लक्ष जात नाही.

मेगर मारताना तापमान लिहा. इन्सुलेशन रेझिस्टन्स साधारण दर १० अंशांना निम्मा होतो, त्यामुळे थंड सकाळचा आणि गरम दुपारचा आकडा ताडून काही कळत नाही. ४० अंशांना आणून मगच तुलना करा. कन्व्हर्टर आणि एन्कोडर सोडवून ठेवा. आणि रोटर सर्किटला हात लावण्याआधी डीसी लिंकचे (कन्व्हर्टरच्या मधल्या डीसी भागाचे) कपॅसिटर रिकामे झालेत हे मीटरने बघा, दिवा विझला म्हणून विश्वास ठेवू नका. कुलूप आणि टॅग लावल्याशिवाय वर चढलेल्या माणसाला मी कामच करू देत नाही, मग उत्पादन किती का बुडेना.

जुनी स्थिर वेगाची मशीन असतील तर

महाराष्ट्रात २०-२५ वर्षांपूर्वी लागलेली अनेक मशीन साध्या स्क्विरल केज जनरेटरची आहेत. त्यात ब्रशही नाही आणि रोटर कन्व्हर्टरही नाही, त्यामुळे वरचं बहुतेक लागू होत नाही. तिथे कार्यक्षमतेचा सगळ्यात मोठा गळका कोपरा म्हणजे कपॅसिटर बँक. कपॅसिटर मेले की मशीन चुंबकत्वासाठी लागणारी रिअॅक्टिव्ह पॉवर ग्रिडकडून ओढतं, केबल आणि ट्रान्सफॉर्मर तापतात, बिलात भुर्दंड बसतो. प्रत्येक स्टेपचा करंट क्लॅम्प मीटरने मोजा. कमी वाऱ्यासाठी छोटं आणि जोराच्या वाऱ्यासाठी मोठं असं दोन वाइंडिंगचं मशीन असेल तर छोट्याकडून मोठ्याकडे जाण्याचा उंबरठाही तपासा. फार खाली ठेवला असेल तर मशीन दिवसभर इकडून तिकडे उड्या मारतं आणि कॉन्टॅक्टर खातं.

आमच्या मशीनचं पुढे काय झालं

जनरेटर उघडला तो फक्त सफाईसाठी. वाइंडिंगला हात लावला नाही. काकांनी रिंगांमधलं इन्सुलेशन पुसून, ओव्हनमध्ये सुकवून, नवं वार्निश दिलं. ब्रशची ग्रेड बदलली. साइटची पॅरामीटर फाइल निर्मात्याकडून आली, मॅडमनी कार्डमध्ये टाकली आणि टाकलेल्या फाइलची छापील प्रत पॅनेलच्या दारात प्लास्टिकच्या पाकिटात चिकटवली. पॉवर भागिले वेगाचा घन हा आकडा आता शेजारच्या मशीनच्या रांगेत आहे.

एक हंगाम ट्रिपशिवाय गेला. पण खरी परीक्षा आहे ती जानेवारीतली, कोरड्या हवेतली. ठरलंय असं: जानेवारी आणि फेब्रुवारीत दर पंधरा दिवसांनी मॅडम प्रत्येक ब्रशची लांबी मोजणार, रिंगचा फोटो एकाच कोनातून काढणार, त्या दिवशीचं तापमान आणि आर्द्रता लिहिणार. मी इथे रबाळ्यात त्यावरून ग्रॅम काढून तक्ता भरणार. पहिली नोंद आली आहे: वाफ ६ ग्रॅम, तिन्ही फेजच्या ब्रशची झीज सारखी, रिंगचा रंग तपकिरी.